निळी टिंबं

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका काढून पोट भरते. धाराशिवच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कुणाकुणाचे गौरवअंक असं सगळं माझ्या हाताखालून जातं. मोबाइलवर पीडीएफ आली तरी आमच्या मालकांना प्रूफ कागदावरच लागतं. लाल पेन घ्यायचं आणि समासात खुणा करायच्या. अक्षर राहिलं की काकपद, दोन शब्द चिकटले की मध्ये उभी रेघ, नको असलेलं सरळ खोडायचं. या खुणा मालकांनीच मला शिकवल्या. दोन-तीन वर्षांनी ते एकदा म्हणाले, ‘आता तुझ्या बोलण्यातून गाव गेलं.’ तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. घरी जाऊन मी ते सांगितलंही होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या आईवर लिहायला घेतलं. आजी शेतमजूर होती. आमचं गाव तेरच्या पुढं, पण मी आजीला पाहिलं ते फोटोतच. अण्णांनी चार वह्या भरल्या आणि वर नाव घातलं ‘माय’. पहिल्याच पानावर शाळेचा प्रसंग होता. गावातली शाळा संपली, पुढं शिकायचं तर दाखला हवा, आणि मुख्याध्यापक आज या, उद्या या करत होते. एक दिवस आजी खुरपं हातात तसंच घेऊन शाळेत गेली आणि दारातूनच म्हणाली, ‘म्या मागाया न्हाय आले, न्याया आले.’ दाखला मिळाला. अण्णांची नोकरी, माझं शिक्षण, हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

पुस्तक आमच्याच छापखान्यात छापायला घेतलं, आणि प्रुफात ते वाक्य मी लाल पेनानं असं केलं: ‘मी मागण्यासाठी आलेली नाही, घेऊन जाण्यासाठी आले आहे.’

नुसतं ‘न्यायला’ करूनही भागलं असतं. पण वाचणाऱ्याला ‘न्याय’ वाटेल, अर्थाचा घोटाळा होईल, म्हणून मी तो शब्दच काढून टाकला. एवढी माझी हुशारी. मग ‘पानी’चं पाणी केलं, ‘व्हय’चं होय केलं, आणि आतल्या पानांत जिथं जिथं ‘माय’ होतं तिथं तिथं आई लिहिलं. मुखपृष्ठावरची ‘माय’ तेवढी वाचली, कारण ते आधीच छापून झालं होतं.

हे मी प्रेमानंच करत होते, हे सांगायला आता लाज वाटते. आमच्या बौद्ध समाजातल्या माणसाचं पुस्तक आहे, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. शाळेत एक बाई माझं ‘न्हाय’ पुन्हा पुन्हा म्हणायला लावून वर्गाला हसवायच्या. मी ते विसरले नव्हते. त्या बाईंचंच काम आता मी पगार घेऊन करते आहे, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

अण्णांनी प्रूफं पाहिली आणि विचारलं, ‘ह्ये लाल लाल काय करून ठिवलंस गं?’

मी एकेक खूण समजावून सांगितली. ते नव्या कंडक्टरनं मार्ग पाठ करावा तसे लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘अन बरुबर असल्यालंच चुकून खोडलं असंल तर?’

‘तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि बाजूला “कायम” लिहायचं. मग टाइप करणारा आधीचंच ठेवतो.’

त्यांनी प्रूफं आठ दिवस ठेवून घेतली. परत आली तेव्हा प्रत्येक पानावर निळ्या पेनाची टिंबं होती. म्या, न्हाय, पानी, माय, सगळ्याखाली टिंबं आणि समासात त्यांच्या गोल अक्षरात ‘कायम’. मला आधी हट्टीपणा वाटला. मग नीट पाहिलं तर त्यांच्या स्वतःच्या वेलांट्या, उकार, सुटलेली अक्षरं मी सुधारली होती, तिथं त्यांनी हातही लावला नव्हता. टिंबं होती ती फक्त आजीच्या बोलण्याखाली आणि ‘माय’खाली. एवढं नेमकं प्रूफ मी आजवर तपासलेलं नाही. हे मी त्यांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले.

‘अण्णा, लोक हसतील.’

‘हसू दे. माय तशीच बोलायची.’

‘पण “न्याया” म्हटल्यावर वाचणाऱ्याला न्याय वाटेल ना.’

‘मंग वाटू दे की,’ ते म्हणाले. ‘ती न्यायालाच आली व्हती. इतकं शिकलीस, तुला येवढं बी दिसलं न्हाय?’

मला ते झोंबलं. ‘बरं, ठेवते,’ असं म्हणून मी कागद पिशवीत घातले.

छापखान्यात मालकांनी पानं चाळली. ‘ही निळी टिंबं कुणाची? ठेवायचं असेल तर ठेवू,’ ते म्हणाले. ‘पण मुद्रितशोधन म्हणून आत तुझं नाव जाणार आहे. बघ बाई.’

त्यांनी एवढंच म्हटलं. कुणी दमदाटी केली नाही, कुणी हसलंही नाही. माझंच नाव माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि त्याखाली ‘म्या’ दिसू लागलं. मी म्हणाले, ‘वडिलांनी सहज केलंय ते. लाल तेवढं धरा.’

गावच्या विहारात पुस्तक निघालं. ठेवणीतले रेशमी पाटाव नेसून बायका आल्या होत्या, सगळी भावकी जमली होती. अण्णांनी तिथंच पहिल्यांदा पुस्तक उघडलं. त्यांना पहिलं पान वाचायला सांगितलं, तेव्हा त्यांचं बोट आजीच्या वाक्यावर आलं; तिथं माझं लाल पेनाचंच वाक्य छापलं होतं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि प्रसंग तोंडीच सांगितला. ‘म्या मागाया न्हाय आले, न्याया आले,’ असं त्यांनी म्हटलं तेव्हा मागच्या बायका पुढं सरकल्या. एक म्हातारी म्हणाली, ‘व्हय, अशीच व्हती ती.’ मी खाली मान घालून बसले होते. आता ते सगळ्यांपुढं माझी खरडपट्टी काढतील असं वाटत होतं, आणि त्यांनी काढावी असंही वाटत होतं.

त्यांनी काहीच केलं नाही. कार्यक्रम संपल्यावर लोक पुस्तकं घेऊन सहीसाठी त्यांच्याभोवती जमले. अण्णांनी हात जोडले आणि माझ्याकडे दाखवलं.

‘सही ह्यांची घ्या,’ ते म्हणाले. ‘पुस्तक ह्यांनी लिवलंय.’

जन्मापासून मला अगं-तुगं करणारा माझा बाप. तालुक्याच्या साहेबाशी बोलावं तसं ते माझ्याशी बोलत होते. ‘बसा बाई तुमी,’ म्हणत त्यांनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली. लोकांना वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय. काहींनी टाळ्याही वाजवल्या. मी खुर्चीवर बसले आणि एकेका पुस्तकावर सही करत गेले.