पांढऱ्या पोटावरचा हात

विमानतळाच्या काचेतून मी बाहेर पाहत होते. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस विमानाच्या पोटाखाली गेला, पांढऱ्या पत्र्यावरून त्याने हात फिरवला आणि मग स्वतःचा तळवा निरखून पाहिला.

माझा नवराही हेच काम करायचा. विमानं पांढरीच का, असं लग्नानंतर मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "उन्हात कमी तापतात. शिवाय पांढऱ्यावर तेलाचा ओघळ, बारीकशी चीर लगेच दिसते. कंपनीचा रंग शेपटीला. लोकांनी शेपटी बघायची, आम्ही पोट."

शेपट्या खरंच देखण्या असतात. कुणाची केशरी, कुणाची मोरपंखी. लांबूनही आपलं विमान ओळखू येतं. तोही असाच लांबून ओळखू यायचा, भडक शर्टांमुळे आणि मोठमोठ्याने हसण्यामुळे. कसं वाटतंय विचारलं, की "एकदम झकास" म्हणायचा. दुखणं बरंच जुनं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तो गेलेला होता.

बाहेरच्या माणसाने तळवा पँटला पुसला आणि अंगठा वर करून खूण केली. विमान हललं. काचेवरचा माझा हात मी काढून घेतला आणि तळव्याकडे पाहिलं. काहीच लागलेलं नव्हतं.