उद्या कुठे जायचंय?

मावशींना अख्खी इमारत 'चौकशी खिडकी' म्हणायची, अर्थात पाठीमागे. जिन्यात कोणी भेटलं की कुठे, कशाला, कोणाबरोबर, हे विचारल्याशिवाय त्या सोडत नसत. लोक त्यांना टाळायला लिफ्टची वाट बघत उभे राहायचे. पण याच नसत्या चौकशीने इमारतीला तारलं, हे मान्य करायलाच हवं.

झालं असं, की सहा जणांनी विजेवरच्या गाड्या घेतल्या. संध्याकाळी घरी आले की सगळे एकदमच चार्जिंगला लावत आणि ऐन स्वयंपाकाच्या वेळी मेन फ्यूज उडून सगळीकडे अंधार. सेक्रेटरी वैतागले. "पुढच्या मीटिंगला चार्जिंगच बंद करून टाकतो!" मावशींची लेक टॅक्सी चालवायची. गाडी घरी चार्ज झाली नाही, तर तिचा धंदाच बसला असता.

मावशींनी कंबर कसली. दारोदार जाऊन एकच विचारलं, "उद्या कुठे जायचंय?" उत्तरं ऐकून कपाळावर हात मारला. कोणी कोपऱ्यावर भाजीला जाणार, कोणी कुठेच नाही, पण गाडी मात्र काठोकाठ भरलेली हवी! मग रोज त्याच ठरवू लागल्या. लांब जाणारा आधी, बाकीच्यांना लागेल तेवढंच, आणि एका वेळी दोनच गाड्या. फ्यूज उडायचा थांबला. काय डोकं बाईचं! सेक्रेटरींना मात्र हा पोरखेळ वाटे. बंदीचा हट्ट त्यांनी सोडला नव्हता.

एका संध्याकाळी एकच जागा उरली होती. लेकीला पहाटे विमानतळाचं भाडं होतं, म्हणून तिथे तिचीच गाडी लावलेली. तेवढ्यात सेक्रेटरी खाली आले. त्यांचीही गाडी विजेवरचीच, पण ती ते ऑफिसात चार्ज करत.

"मला... पूर्ण चार्ज लागेल."

"कुठे जायचंय?"

ते नुसतीच किल्ली चाचपत राहिले. मावशींनी लेकीच्या गाडीचा प्लग काढला आणि त्यांच्या गाडीला लावला.

ते वर गेल्यावर लेक भडकली. "आई! कुठे जाणार तेही सांगितलं नाही त्यांनी. आणि बंदी घालणार तेच!"

"एवढा तोंडाळ माणूस मुका झालाय. लांबच जायचं असेल. तुझं भाडं मैत्रिणीला दे."

गावी सेक्रेटरींच्या आई वारल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. मीटिंग पुढे ढकलली गेली. झाली तेव्हा पहिला विषय बंदीचाच होता. सेक्रेटरींनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही. मावशींकडे पाहून म्हणाले, "पोचलो होतो मी वेळेत. आईने हाक मारली मला."

मग त्यांनी दुसरा विषय वाचायला घेतला.