तेरावं नाव

फोन वाजला की एत्सिओच्या कपाळावर आठी पडायची. एकतीस वर्षं इटलीतल्या उदिने शहरात आरपीजी या जुन्या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहून त्याचं एक मत पक्कं झालं होतं: प्रोग्रॅम चुकत नाही, माणसं डोळे उघडून बघत नाहीत.

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरासाठी त्यानेच केलेली यादी घ्या. ज्यांना चावता-गिळता येत नाही, म्हणून सूपच द्यायचं, त्यांची नावं पडद्यावर यायची, एका पानावर बारा. छापायची कळ दाबली की प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून एकेक नाव छापत जायचा. पण जे पान उघडलंच नाही ते त्याच्या लेखी नसायचं. म्हणून आधी शेवटपर्यंत खाली जायचं, मग छापायचं. दुरुस्ती सोपी होती, पण एत्सिओने हट्टाने केली नाही. सांगितलेलं ऐकायला लोकांना काय होतं?

नवी स्वयंपाकीण लोरेदाना ऐकणाऱ्यातली नव्हती. तीन दिवसांत तिचा चौथा फोन आला.

"अहो, एक ताट रोज भरलेलं परत येतंय. तुमच्या यादीतून कुणीतरी गळतंय."

"आधी खाली गेलात का?"

"कशाला? पडदा बारा नावांनी भरलेला दिसतो की. माझे हात मक्याच्या पोलेंटात असतात. हा प्रोग्रॅम आहे की सासूबाई?"

एत्सिओ तणतणत वृद्धाश्रमात पोचला. तिच्या नाकासमोर त्याने पान खाली सरकवलं. तिथे एकच नाव होतं: झोर्झी इनेस. त्याची आई. सोमवारी त्यानेच तिला इथे आणून सोडलं होतं. परत आलेल्या ताटात भाजलेला पोलेंटा आणि सॉसेज जसेच्या तसे होते.

तो वाडगाभर सूप घेऊन वर तिच्या खोलीत गेला.

"आई, तीन दिवस उपाशी? कुणाला तरी सांगायचं नाही का?"

"उपाशी कुठे, दुधात बिस्किटं खाल्ली. सांगणारच होते. पण इथल्या कामाच्या पोरी म्हणाल्या, यादी उदिनेच्या एत्सिओची आहे. मग म्हटलं, बरोबरच असणार."

एत्सिओला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने सूपाचा वाडगा तिच्यापुढे ठेवला.

"चूक माझीच होती, आई."

तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"असू दे. त्या स्वयंपाकिणीला नको सांगूस."