काकांच्या मीटरची लाइट
नव्वदचं दशक सरताना आम्ही भावंडांनी सांगलीत शेजारशेजारच्या तीन घरांतले कॉम्प्युटर गेम खेळायला एकमेकांना जोडले. सगळ्या केबली जिथं एकत्र यायच्या, तो हबचा डबा मधल्या घरात, काकांच्या माळ्यावर बसवला. माळ्यावर प्लग नव्हता आणि काका नवा काढू देईनात. हळदीचे व्यापारी ते, सांडलेली पूडसुद्धा चिमटीनं उचलायचे.

"तुमच्या खेळाला माझ्या मीटरची लाइट? न्हाई!"

मग आम्ही केबलमधल्या रिकाम्या तारांतूनच आमच्या घरच्या ॲडॉप्टरची वीज वर पोचवली.

डब्याचा हिरवा दिवा लुकलुकताना बघून काका भडकले. त्यांनी मेन स्विच खाली ओढला. दिवा चालूच! हसू दाबत आम्ही सांगितलं, "आवं काका, लाइट आमची हाय, केबलमधनं येती."

"व्हय?" एवढंच म्हणाले.

पुढं रोज ऐन रंगात आलेला खेळ बंद पडू लागला, तोही नेमका बातम्यांच्या वेळी. चिडून माळ्यावर चढलो, तर काका निवांत आडवे होऊन रेडिओ ऐकत होते. सेलच्या जागी आमच्याच केबलच्या तारा खोचलेल्या.

"वरडताय कशाला?" काका म्हणाले, "माझ्या मीटरची हाय व्हय ही लाइट?"