एकोणीस वर्षांनी पुन्हा ‘नवीन माणूस’

सोमवारी हर्नियाच्या ऑपरेशननंतर दीड महिन्याने कामावर गेलो. आणि बघतो तर काय... फळ्यावर ‘नवीन माणसं’ या रकान्यात माझं नाव!

सातपूरच्या फोर्जिंग शॉपमध्ये, तापलेलं लोखंड ठोकून घडवायच्या कामात, एकोणीस वर्षं भट्टीसमोर काढलीत मी. आमचे फोरमन नाना यांचा जुना नियम आहे, लांब सुट्टीवरून आलेला माणूस पहिला आठवडा नव्या माणसासारखा भट्टीवर अर्धाच वेळ. पण तो कच्च्या लोकांसाठी, असा माझा समज... डॉक्टरांचं फिट सर्टिफिकेट खिशात होतं. तिरीमिरीत नाव पुसलं आणि चिमटा उचलला.

तासाभरात डोळ्यांपुढे काजवे चमकले. चिमट्यातला लोखंडाचा लालभडक जॉब सुटला आणि समोरच्या गोकुळच्या बुटापासून वीतभर अंतरावर पडला. गोकुळ माझा बारा वर्षांपासूनचा जोडीदार.

नानांनी मला पंख्याखाली बसवलं. “तुझं सर्टिफिकेट टाक्यांचं हाय, भट्टीचं नाय,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी लेकीला सगळं सांगितलं. ती बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करतेय. म्हणाली, उष्णता वाढली की पेशींमधल्या प्रथिनांचा आकार बिघडतो. मग पेशी ‘हीट शॉक प्रोटीन’ बनवतात... ही मंडळी बिघडलेल्या प्रथिनांची घडी पुन्हा नीट बसवतात आणि आतला दाह आटोक्यात ठेवायलाही मदत करतात. रोज थोडी थोडी धग सोसली की त्यांचा साठा वाढतो. महिनाभर पंख्याखाली लोळलं की तो ओसरतो.

“बाबा, अनुभव तुमचा एकोणीस वर्षांचा आहे, पण तुमच्या पेशी आज नव्याने भरती झाल्यात.”

सातवी शिकलेल्या नानांनी हे प्रोटीन कधी ऐकलेलं नाही. पण माणसं बघून बघून त्यांनी नियम मात्र अचूक बांधला होता.

मंगळवारी सगळ्यांच्या आधी पोचलो. खडू घेतला आणि त्याच रकान्यात स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. गोकुळची माफी मागितली, तर तो म्हणाला, “चल, आधी ताक पी.”

आज सहावा दिवस... अंग सरावतंय, पुढच्या आठवड्यात पूर्ण पाळी करणार, खात्री आहे. गोकुळ दोन्ही पायांवर धडधाकट उभा आहे. नाना, यापुढे तुमच्या फळ्याला कुणी हात लावला, तर आधी माझ्याशी गाठ आहे!