पहिला तुकडा

सातपूरला आमच्या कारखान्याच्या गेटसमोर एक चाचा मोठ्याच्या, म्हणजे म्हशीच्या, मटणाचे कबाब शेगडीवर भाजायचे. मटण जून असायचं, म्हणून सकाळीच त्याला कच्ची पपई चोळून ठेवायचे. पहिला तुकडा मात्र रोज आमच्या बोळक्या तोंडाच्या वॉचमनला. त्यानं हिरड्यांनी चावून मान डोलावली की मगच विक्री सुरू.

एकदा वॉचमन रजेवर होता. शिफ्ट सुटलेली, पोटात कावळे ओरडत होते. मी म्हणालो, "चाचा, आज मी चाखतो."

त्यांनी माझं तोंड नीट निरखलं. "तुमचे सगळे दात शाबूत हायेत, साहेब. तुमची साक्ष चालायची नाय."

शेवटी मी सायकलवर डबलसीट वॉचमनला घरून आणलं.

आता माझी कवळी वाटीत असते. साक्षीला मी अगदी लायक झालोय; विचारणारी ती शेगडी तेवढी उरली नाही.