माहेरच्या माळावर तंबू

नैरोबीत राहायला लागल्यापासून सुट्टी म्हटली की माझ्या डोक्यात तंबू येतो. सिंहाची डरकाळी ऐकत चहा प्यायलेली बाई आहे मी, आणि हे चार माणसांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पण भूम तालुक्यातल्या ज्या गावात मी जन्मले, तिथल्या माळावर लांडगे आहेत हे मला सांगितलं ते केनियातल्या माझ्या मैत्रिणीने, वांजिरूने. तिने कुठंतरी वाचलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! लाजून मी दोघींची जानेवारीची तिकिटं काढली.

पुण्याहून भाड्याची गाडी घेतली. टेंभुर्णीला सोलापूरचा रस्ता सोडायचा आणि कुर्डुवाडी, बार्शी करत भूमला पोचायचं. चहापाणी धरून सहा तास लागतात. एसटीही आहे, पण तंबू, पथाऱ्या आणि स्टोव्ह घेऊन चढणार असाल तर कंडक्टरशी आधी गोड बोलून ठेवा. पायात मोजे जाड घाला, कारण माळावरची कुसळं कुणाचीच गय करत नाहीत.

आणखी एक सूचना. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय तंबू ठोकायचा नाही. आमचा तंबू दादाच्या शेतात, माळाला लागून होता. दादा खवा घेऊन पुण्याला निघाला होता, तो फोनवर "लाव की" म्हणाला. म्हणजे परवानगी मिळाली, असं मी धरून चालले. घरी वहिनींच्या हातची भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचं गरम माडगं पोटभर खाल्लं. त्यांनी आमच्यासाठी खोली झाडून नवीन चादरी घातल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, आम्ही शेतात झोपणार." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि ताटं उचलून आत गेल्या.

पहिली रात्र थंडीत गेली, लांडगा काही दिसला नाही. सकाळी भूमच्या आठवडी बाजारात गेलो. वांजिरूने अख्खा बाजार दोनदा पालथा घातला, मिरच्यांचे ढीग हुंगले, एका म्हाताऱ्या आजींकडून काळं घोंगडं घेतलं आणि त्यांच्याशी खुणांनी घासाघीसही केली. आजी आमच्याच गावच्या निघाल्या. मला विचारलं, "कुठं उतरलाव?"

"शेतात, तंबूत," मी ऐटीत सांगितलं.

"भावजय न्हाय का घरी?"

"आहेत की."

"मग रानात का, बाई?" त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने त्यांच्याकडे पाहिलं.

आम्ही पेढे खाऊन परत येईपर्यंत बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. वहिनी खव्याच्या भट्टीपाशी कढईत दूध हलवत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "वन्सं, गाव म्हणतंय, सासू गेली अन् भावजयीनं नणंद उंबऱ्याबाहेर काढली. वीस वर्सं झाली मला या घरात. असं नाव कुणी ठिवलं न्हवतं."

मी घाईघाईने तंबूचं, लांडग्यांचं, हौसेचं सांगू लागले. वहिनींचा झारा थांबला नाही. खवा लागला असता. "गावाचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "आज तंबू, उद्या लॉज, परवा येणंच बंद. अत्याबाई गेल्यावर मला त्याचंच भ्या हाय."

मला रडू फुटलं. आई गेल्यावर माहेर उरलं आहे ते या बाईमुळे, आणि मी तिच्या चादरींची घडीसुद्धा मोडली नव्हती. वांजिरूला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "आमच्याकडे घराजवळ तंबू लावायचा तर घरच्या बाईला विचारतात. तू हिला विचारलंस?"

जमीन दादाची म्हणून दादाला विचारलं होतं. वहिनींना फक्त कळवलं होतं. मी त्यांची माफी मागितली आणि तंबू काढून आणते म्हणाले.

"काढू नका," वहिनी कढई उतरवत म्हणाल्या. "आता काढला तर लोक म्हणतील, भांडण झालं. ज्वारी हुरड्यात आलीय. आज सगळ्यांनी रानातच जेवू. अन् राती म्या बी झोपते तिथंच. भावजयच तंबूत म्हणल्यावर कोण काय म्हणंल?"

दिवस मावळायला कणसं भाजायची आगटी पेटली. गरम हुरडा तळहातावर चोळून फुंकायचा आणि लसणाची चटणी, गूळ, दही यांच्यासोबत खायचा; याला कुठल्याही हॉटेलात तोड नाही. वहिनींनी शेजारच्या चार घरांना मुद्दाम बोलावलं होतं. बाजारातल्या आजीही आल्या. वहिनींनी त्यांना तंबूत बसवून चेन उघडझाप करून दाखवली.

सकाळी उजाडता उजाडता वहिनींनीच मला हलवलं. "उठा वन्सं, तुमचं पाव्हणं आलंय." बांधापलीकडच्या वाळल्या गवतात दोन लांडगे होते. एक थांबून आमच्याकडे बघत राहिला, मग दोघेही सावकाश माळ चढून गेले. वांजिरू श्वास रोखून उभी होती. वहिनी पुटपुटल्या, "ह्यास्नी बघायला तुमी इमानानं आलाव?" पण त्याही हलल्या नाहीत.

उरलेल्या दोन रात्री आम्ही घरात झोपलो. निघताना वहिनींनी दोघींची ओटी भरली. वांजिरूने पदर नाही म्हणून घोंगडं पुढे केलं.

नैरोबीला परतून दोन महिने झाले. फोनमध्ये लांडग्यांचा एकच फोटो आहे आणि तोही हललेला. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. गेल्या रविवारी फोन लावला आणि दादाला बाजूला सारून वहिनींना मागितलं. म्हटलं, "वहिनी, दिवाळीला येऊ का? तुमच्याकडे राहू का?"



"माहेरला यायला इचारतंय का कुणी?" त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पर इचारलंत, लई बरं वाटलं."